शस्त्रापूर्वीचे लंघन

शस्त्रक्रियेच्या पूर्वी रोग्याने उपाशी राहिले पाहिजे हा नियम आज इतका सार्वत्रिक आणि निर्विवाद झाला आहे की, तो वैद्यकाइतकाच पुरातन असावा असे कोणालाही वाटावे. परंतु भारतीय शल्यतंत्राचे मूलपीठ मानल्या गेलेल्या सुश्रुतसंहितेत आज्ञा नेमकी उलट आहे. सूत्रस्थानात शस्त्रकर्माची पूर्वतयारी सांगताना सुश्रुत म्हणतो की, वैद्याने रोग्याला आधी त्याच्या आवडीचे भोजन घालावे आणि जो मद्य पिणारा असेल त्याला तीव्र मद्य पाजावे. कारण जेवलेला मनुष्य मूर्च्छित होत नाही, आणि मद्याच्या अमलाखाली असलेल्याला शस्त्राची धार जाणवत नाही. या आज्ञेला त्याने अपवादही सांगून ठेवले आहेत. मूढगर्भ, उदर, अर्श, अश्मरी, भगंदर आणि मुखरोग या व्याधींत मात्र शस्त्रकर्म न जेवलेल्यावर करावे. अपवादांची ही यादी बारकाईने पाहिली म्हणजे ध्यानात येते की, जेथे शस्त्र पोटाशी, त्याच्या अधोमार्गाशी किंवा मुखाशी पोचावयाचे, तेथेच तो उपवास सांगतो. हात-पाय, कातडी किंवा कान-नाक यांच्या कामी त्याला भरल्या पोटाचे भय वाटत नाही.

याच ग्रंथात मधुमेहाविषयी जे लिहिले आहे तेही या विषयाला लागूनच आहे. कुष्ठी, विषबाधित आणि शोषी यांच्या पंक्तीला सुश्रुताने मधुमेह्याला बसविले आहे, कारण या सर्वांचे व्रण मोठ्या कष्टाने बरे होतात. म्हणजे मधुमेह्यावर शस्त्र चालविताना शल्यवैद्याने काय मनात धरावे हे त्याने सांगून टाकले. चिकित्सास्थानात तो या रोग्यांचे दोन वर्ग पाडतो. एक जन्मतःच रोग घेऊन आलेला, कृश, रूक्ष, सदा तहानलेला. दुसरा अपथ्याने रोग ओढवून घेतलेला, स्थूल, खादाड, शय्यासनप्रिय. पहिल्याला संस्कारित अन्नपानाने पोसावे आणि दुसऱ्याला अपतर्पणाने, म्हणजे लंघन-व्यायामाने, उतरवावे; त्यातून निर्धन असेल तर त्याने पादत्राण आणि छत्री टाकून शंभर योजने चालत जावे, गाईंच्या मागे हिंडावे, विहीर खणावी. या वर्णनात आजच्या पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेह जसाच्या तसा शोधण्याचा उत्साह मला फारसा रुचत नाही; पण एकाच नावाच्या रोगात उपवास एकाला औषध आणि दुसऱ्याला घात ठरतो, हा विवेक त्यात निःसंशय आहे, आणि पुढील अनेक शतकांच्या वैद्यकाला तो पुन्हा नव्याने, बराच दंड भरून, मिळवावा लागला.

भोजनाची आज्ञा उपवासाच्या आज्ञेत पालटली ती भूल आल्यामुळे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे मॉर्टनने ईथरचा जाहीर प्रयोग केला आणि १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्पसनने क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. या द्रव्यांनी वेदना नाहीशी केली हे खरे. परंतु जागेपणी घशाशी जी राखण अष्टौप्रहर चालू असते, घास किंवा पाणी श्वासनलिकेकडे वळताच जो ठसका आपोआप लागतो, तीही त्यांनी वेदनेबरोबरच झोपविली. पोटातील अन्न वर आले तर ते फुप्फुसात उतरण्यास आता अटकाव उरला नाही. क्लोरोफॉर्मने झालेला म्हणून नोंदला गेलेला पहिला मृत्यू २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडात न्यूकॅसलजवळ घडला. हॅना ग्रीनर या पंधरा वर्षांच्या मुलीच्या पायाच्या बोटाचे नख काढावयाचे होते. क्लोरोफॉर्म हुंगविल्यावर ती निस्तेज झाली, म्हणून तिला शुद्धीवर आणण्यासाठी पाणी आणि ब्रँडी पाजली गेली, आणि थोड्याच क्षणांत तिचा प्राण गेला. सिम्पसनने आपल्या द्रव्याची बाजू घेत असा युक्तिवाद केला की, मुलगी क्लोरोफॉर्मने नव्हे, तर बेशुद्धीत तोंडात ओतलेल्या द्रवाने गुदमरून गेली. भूल देण्याच्या कामात मुरलेला लंडनचा डॉक्टर जॉन स्नो याला ते मान्य नव्हते, त्याच्या मते दोष हृदयावरील विषारी परिणामाचा होता. हृदय आधी थांबते की श्वास, हा वाद पुढे चार दशके चालला, आणि त्याचा एक मोठा पंचनामा निजामाच्या राज्यात, हैदराबादेत झाला. तेथील रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी याच्या आग्रहाने आणि निजाम सरकारच्या खर्चाने १८८८ व १८८९ साली दोन कमिशने बसली. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, लंडनहून लॉडर ब्रंटन मुद्दाम बोलाविला गेला, आणि धोका श्वासाला आहे, हृदयाला नाही, असा निवाडा देण्यात आला. तो पुढे टिकला नाही.

पोटाच्या प्रश्नाकडे मात्र त्या काळच्या शहाण्या माणसांनी आश्चर्यकारक संयमाने पाहिले. स्नो भरल्या पोटी क्लोरोफॉर्म देण्याच्या विरुद्ध होता, कारण त्याने वांती होते. परंतु रोग्याला दिवसभर उपाशी ठेवावे असेही त्याचे म्हणणे नव्हते, पुढच्या जेवणाची वेळ होत आली असेल तो समय शस्त्रक्रियेला साधावा, एवढेच तो सुचवितो. निर्जंतुक शस्त्रक्रियेचा प्रवर्तक लिस्टर याने १८८३ च्या सुमारास याहून स्पष्ट भेद केला: पोटात घन पदार्थ नसणे इष्ट आहे, पण सुमारे दोन तास आधी एक कप चहा किंवा मांसाचा पातळ रस्सा दिल्यास ते हितकरच होय. घन आणि द्रव यांना निरनिराळी मुदत असली पाहिजे हे तत्त्व या एका वाक्यात आले होते. ते वैद्यकाच्या हातून सुटले, आणि परत मिळावयास शंभर वर्षे लागली.

या कालखंडात मधुमेही कोठे होता? बहुतेक ठिकाणी तो शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच होता. गँगरीन झालेला पाय किंवा पाठीवरचा काळपुळीचा फोड घेऊन तो येई, आणि शल्यवैद्य हात आखडता घेई. कारण शस्त्र न चालवावे तर रक्तात विष पसरे, आणि चालवावे तर ईथर-क्लोरोफॉर्मच्या अमलाने साखर वाढून, आम्लता चढून, दोन-तीन दिवसांनी तो खोल, वेगवान श्वास घेत घेत बेशुद्धीत जाई. त्या श्वासाचे वर्णन कुसमाउलने १८७४ साली केले होते. इलाज म्हणून जो होता तोही उपवासच. १८७०–७१ च्या वेढ्यात पॅरिस शहर उपासमारीने गांजले असता बूशार्दाने पाहिले की, आपल्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतील साखर नाहीशी होत आहे. आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेडरिक अॅलनने १९१४ पासून याच निरीक्षणाची एक कठोर उपचारपद्धती बनविली. लघवी साखरमुक्त होईपर्यंत संपूर्ण लंघन, मग मोजूनमापून थोडे अन्न, साखर दिसली की पुन्हा लंघन. तिने कित्येकांचे आयुष्य महिन्यांनी, काहींचे वर्षांनी वाढविले. पण ते कोणत्या किमतीने, हे एलिझाबेथ ह्यूजेसच्या उदाहरणाने कळते. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्याची ही कन्या १९२२ च्या ऑगस्टात नव्या इन्शुलिनसाठी टोरोंटोला पोचली तेव्हा पंधराव्या वर्षी तिचे वजन ४५ पौंड होते. आपल्याकडे लोकमान्य टिळकांचा मधुमेह सर्वश्रुत होता, आणि मंडालेच्या तुरुंगात त्यांनी तो आहारनियमनानेच आवरला; दुसरे साधन जगात कोणापाशीच नव्हते. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले, आणि इन्शुलिनची पहिली सुई माणसाला टोचली गेली ती ११ जानेवारी १९२२ रोजी, टोरोंटो येथे, लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला.

इन्शुलिनचा शोधक बँटिंग स्वतः शल्यवैद्य होता, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. ते हाती येताच मधुमेह्याला शस्त्रक्रियेची दारे उघडली, आणि १९२८ साली बोस्टनचा मधुमेहतज्ज्ञ जॉसलिन याच्या परंपरेतील मॅकिट्रिक व रूट यांनी मधुमेह्यांच्या शस्त्रक्रियेवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. परंतु नव्या औषधाने एक नवाच पेच आणला. पूर्वी उपाशी मधुमेह्याला भय होते ते साखर आणि आम्ल वाढण्याचे. आता इन्शुलिन टोचून घेऊन उपाशी राहिलेल्याला भय उत्पन्न झाले ते साखर कोसळण्याचे. अन्न थांबविता येते, पण टोचलेले इन्शुलिन थांबविता येत नाही. ते आपल्या ठरल्या मुदतीपर्यंत काम करीतच राहते. १९३६ साली हॅगेडॉर्नने प्रोटामिन मिसळून ही मुदत लांबविली, तेव्हा रोजच्या जीवनात जी सोय झाली तीच शस्त्रक्रियेच्या सकाळी अडचण होऊन बसली. जागेपणी साखर उतरली की घाम फुटतो, हात कापतात, छाती धडधडते, माणूस काहीबाही बोलू लागतो आणि जवळचे कोणी त्याच्या तोंडात साखर घालते; भूल दिलेल्याचा घाम आणि धडधड भूलतज्ज्ञाला निराळ्या कारणाचीही वाटू शकते, आणि बोलण्याचा तर प्रश्नच नाही. उलट, उपाशी आहे म्हणून इन्शुलिन मुळीच दिले नाही, तरीही बचाव होत नाही. कारण शस्त्राच्या आघाताने शरीरात अॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल उसळते, यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडू लागते, आणि ज्याच्या स्वादुपिंडात स्वतःचे इन्शुलिन उरलेलेच नाही त्याच्या चरबीचे आम्ल होऊ लागते. अशा मनुष्याला पोट रिकामे असतानाही थोडे इन्शुलिन लागतेच, हे रोग्याच्या नातेवाइकांना पटवून देणे आजही सोपे नाही.

नेमक्या याच काळात पोटाच्या बाजूचा नियम कडक होऊ लागला. १९४६ साली न्यूयॉर्कच्या लाइंग-इन हॉस्पिटलातील कर्टिस मेंडेलसन याने १९३२ ते १९४५ या मुदतीतील ४४,०१६ प्रसूतींच्या दप्तराचा शोध घेऊन एक निबंध प्रसिद्ध केला. भुलेत पोटातील पदार्थ फुप्फुसात गेल्याची ६६ उदाहरणे त्याला सापडली. मृत्यू दोनच झाले होते, आणि दोन्ही घन अन्नाने श्वासमार्ग बंद पडून. सशांवर प्रयोग करून त्याने असेही दाखविले की, पोटातील आम्ल फुप्फुसात गेले असता ते निराळ्याच प्रकारची इजा करते. त्याचे निष्कर्ष प्रसूतिवेदनांतील स्त्रियांपुरते होते, आणि त्या स्त्रियांचे पोट मुळातच सावकाश रिकामे होते. पण कोणताही नियम आपल्या जन्मभूमीत स्वस्थ बसत नाही. पुढील दोन दशकांत घन काय, द्रव काय, प्रसूती काय, हर्निया काय, सर्वांना एकच फर्मान लागू झाले: मध्यरात्रीनंतर तोंडाने काहीही नाही, पाण्याचा थेंबही नाही. याला शास्त्राचा आधार किती होता यापेक्षा दप्तरी सोय किती होती हा प्रश्न मला अधिक योग्य वाटतो. दुसऱ्या दिवशीच्या यादीत कोण पहिला आणि कोण सातवा हे रात्री नक्की नसते, यादी वरखाली होते, आणि प्रत्येकाला निरनिराळी वेळ सांगण्यापेक्षा सबंध वॉर्डाला एकच वेळ सांगणे परिचारिकेला, भूलतज्ज्ञाला आणि कारकुनालाही परवडते. सातव्या क्रमांकाचा रोगी दुपारी तीनपर्यंत तसाच पडून राही. निरोगी असला तर तहानेने आणि डोकेदुखीने कावे, पण मधुमेही असला तर त्याचे हाल निराळेच होते.

त्याच्या हालांत भर घातली ती तपासणीच्या साधनांनी. आपल्याकडच्या वॉर्डांत बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली, स्पिरिटचा दिवा आणि परीक्षानळ्यांची घोडी हा सरंजाम पुष्कळ वर्षे होता. द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून ते उकळावयाचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही, मग हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि शेवटी विटकरी. रंगाबरहुकूम इन्शुलिनचे युनिट ठरत. या परीक्षेत एक मूलभूत उणीव होती. रक्तातील साखर साधारणपणे १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याखेरीज ती लघवीत उतरत नाही. म्हणून नळीतला निळा रंग १२० आणि ४० यांत काहीच भेद करीत नाही, आणि उपाशी रोग्याच्या बाबतीत जाणून घ्यावयाचे असते ते नेमके हेच. प्रयोगशाळेतून रक्ताचा आकडा येईपर्यंत शस्त्रक्रिया उरकलेली असे. अशा स्थितीत जुन्या डॉक्टरांनी जो शिरस्ता पाडला, की मधुमेह्याला यादीत सर्वांत आधी घ्यावे, सकाळचे लांब मुदतीचे इन्शुलिन निम्मे द्यावे आणि शिरेतून ग्लुकोजचे सलाईन चालू ठेवावे, तो अंधारातला असूनही बराचसा शहाणपणाचा होता. १९६४ मध्ये रक्ताच्या थेंबाची पट्टी आली, १९७० मध्ये ती वाचणारे यंत्र आले, आणि तेव्हा कोठे रोग्याच्या खाटेशीच आकडा मिळू लागला.

या शिरस्त्याला शास्त्रीय रूप देण्याचे श्रेय आल्बर्टी आणि टॉमस या दोघांना द्यावे लागते. १९७९ साली त्यांनी सुचविलेली तजवीज वरवर पाहता अगदी साधी दिसते: १० टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटरच्या एकाच बाटलीत १० युनिट इन्शुलिन आणि १० मिलिमोल पोटॅशियम घालावे, आणि ती तासाला १०० मिलिलिटर या वेगाने सोडावी. खुबी आहे ती एकाच बाटलीत. साखर एका नळीने आणि इन्शुलिन दुसऱ्या नळीने चालू असले, आणि साखरेची नळी दुमडून बंद पडली, तर इन्शुलिन एकटेच चालत राहते आणि कोणाच्या लक्षात येण्यापूर्वी मेंदूला इजा होते. दोन्ही एकत्र असली तर बंद पडतानाही एकत्रच पडतात. पोटॅशियम एवढ्यासाठी की, इन्शुलिन साखरेबरोबर त्यालाही पेशींत ओढून नेते, आणि रक्तातले पोटॅशियम उतरले की हृदयाची लय बिघडते. बाटलीतील प्रमाण बदलावयाचे झाले की सबंध बाटली बदलावी लागे, हा तिचा दोष. पुढे विद्युत्पंप स्वस्त झाल्यावर श्रीमंत देशांनी तिला बाजूस सारले. पण जेथे पंप नाही, रात्रपाळीला एकच परिचारिका आहे आणि आकडा तासातासाला पाहिला जाईल याची शाश्वती नाही, तेथे त्या बाटलीची योजना मला अजूनही अत्यंत विचारी वाटते.

मध्यरात्रीच्या फर्मानाला पहिला खरा तडा गेला तो १९८६ साली, कॅनडातील कॅल्गरी येथे. माल्टबी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही रोग्यांना शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे अडीच तास १५० मिलिलिटर पाणी पाजून पाहिले, आणि त्यांच्या पोटात उरलेला द्रव कडक उपवास केलेल्यांपेक्षा जास्त तर नव्हताच, उलट कमी होता. साधे पाणी पोटातून फार लवकर पुढे जाते. उपाशी पोट मात्र आपला रस पाझरीतच राहते. १९९९ साली अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संस्थेने स्वच्छ द्रवाला दोन तास आणि हलक्या आहाराला सहा तास अशी मुदत जाहीर केली. लिस्टरचा दोन तासांचा चहा अशा रीतीने शंभरावर वर्षांनी पुन्हा मंजूर झाला, पण महाराष्ट्रापुरती त्यात एक मेख आहे. युरोपातील भूलतज्ज्ञांनी २०११ च्या मार्गदर्शनात चहात पाचव्या हिश्श्यापर्यंत दूध असल्यास त्यालाही स्वच्छ द्रवाची मुभा दिली. आपला उकळलेला चहा पुष्कळ घरांत निम्मा दुधाचाच असतो, आणि दुधाचा पोटात गेल्यावर दह्यासारखा गोळा होतो, म्हणून त्याला सहा तासांचाच हिशेब लागतो. तीच गत उपवास या कल्पनेची. ज्या समाजात एकादशी म्हणजे दुप्पट खाशी, त्याला 'उपाशी या' एवढेच सांगितले तर साबुदाण्याची खिचडी खाऊन येणारा रोगी दोषी मानता येत नाही. त्यातून तो मधुमेही असला, तर त्या खिचडीच्या पिष्टाने साखर चढलेली, पोट भरलेले आणि शस्त्रक्रिया रद्द, असा तिहेरी प्रसंग ओढवतो.

मधुमेह्याच्या पोटाविषयीही आणखी एक गोष्ट मधल्या काळात उघडकीस आली होती. १९५८ साली कॅसँडर याने दाखविले की, दीर्घकाळच्या मधुमेहात पोटाच्या नसा दुबळ्या होऊन अन्न तासन्‌तास तेथेच साचून राहते, आणि रोग्याला त्याची जाणीवही नसते. म्हणजे ज्याच्या रक्तासाठी उपवास तोकडा हवा, त्याच्याच पोटासाठी तो कदाचित लांब हवा. भूलतज्ज्ञ आणि मधुमेहतज्ज्ञ हे दोघे एकाच खाटेशी उभे राहून परस्परविरुद्ध हुकूम देतात, तेव्हा त्यांच्यात चूक कोणाचीच नसते. अलीकडच्या औषधांनी हा विरोध अधिकच तीव्र केला आहे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ग्लिफ्लोझिन वर्गाच्या गोळ्या उपवासात चालू राहिल्या, तर आकडा जवळजवळ ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकते. म्हणून अमेरिकेच्या औषधनियंत्रकांनी २०२० मध्ये त्यांतील बहुतेक तीन दिवस आणि एक चार दिवस आधी बंद करण्याची सूचना दिली. आठवड्यातून एकदा टोचावयाचे सेमाग्लुटाइड तर पोट रिकामे होण्याची क्रियाच मंदावते. अमेरिकन भूलतज्ज्ञांनी २०२३ च्या जूनमध्ये ते एक आठवडा आधी थांबवा असे सांगितले, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात अनेक संस्थांनी मिळून ते बरेच सौम्य केले: बहुतेकांनी औषध चालू ठेवावे, धोका अधिक असलेल्यांनी आदले चोवीस तास केवळ द्रव आहार घ्यावा, आणि शंका उरल्यास भुलेपूर्वी सोनोग्राफीने पोट प्रत्यक्ष पाहावे.

चोवीस तासांचा द्रव आहार मधुमेह्याला सांगितला की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. त्या द्रवात साखर किती असावी, रात्रीच्या लांब मुदतीच्या इन्शुलिनचा तीन-चतुर्थांश द्यावा की चार-पंचमांश, सकाळची मेटफॉर्मिनची गोळी कोणी बंद करावयाची, आणि पहाटे आकडा ७० च्या खाली दिसला तर गाळलेला सफरचंदाचा रस किती वाजेपर्यंत चालेल, हे सर्व आदल्या संध्याकाळीच कोणीतरी केसपेपरवर लिहून ठेवावे लागते. ते लिहिणे भूलतज्ज्ञाचे काम, मधुमेहतज्ज्ञाचे की शल्यवैद्याच्या हाताखालच्या डॉक्टराचे, यावर पुष्कळशा रुग्णालयांत अद्याप एकमत झालेले नाही.